गैरहजर

आमच्या शाळेत पी.टी.चे एक मास्तर होते. धिप्पाड अंगाचे, हातात वेताची छडी, छातीवर शिट्टी. मुलं पाठीमागे त्यांना ‘इदी अमीन’ म्हणत. साल १९७३-७४ असेल. युगांडा नकाशात कुठे आहे हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं, पण इदी अमीन म्हणजे कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्तमानपत्रांत त्याची व्यंगचित्रं यायची. गणवेशावर पदकांची दाटी आणि त्यात माणूस हरवलेला, असा तो दिसायचा. मास्तर बिचारे अतिशय साधे होते. त्या नावाने त्यांच्यावर केवढा अन्याय होत होता हे आज लक्षात येतं. हसणाऱ्या आम्हा मुलांना त्या नावाचा अर्थच माहीत नव्हता, हेही येतं.

अर्थात आम्ही तर पोरं होतो. सारं जग त्या माणसाला हसत होतं. ‘संकटातल्या ब्रिटनला मदत’ म्हणून त्याने निधी काढला, स्वतःला ‘ब्रिटिश साम्राज्याचा विजेता’ अशी पदवी लावून घेतली. १९७५ साली कंपालात चार गोऱ्यांच्या खांद्यावरच्या पालखीवजा खुर्चीत बसून त्याने मिरवून घेतलं, तो फोटो जगभर छापून आला. त्याच वर्षी तो आफ्रिकी ऐक्य संघटनेचा अध्यक्षही झाला. टांझानियाच्या ज्युलियस न्येरेरेंसारखे थोडे लोक त्या परिषदेकडे फिरकले नाहीत. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

यात हसण्यासारखं काही नाही हे मला कळलं ते १९८७ साली, बँकेच्या काउंटरवर.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या एका लहानशा शाखेत माझी बदली झाली होती. गोव्याला नुकताच, त्याच वर्षीच्या ३० मे रोजी, घटक राज्याचा दर्जा मिळाला होता. शाखेची निम्मी खाती परदेशातल्या पैशांवर चालायची. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाचा नवरा बोटीवर. गावातली माणसं एकमेकांना ओळखायचीही तशीच. हा ‘बोंबयकार’, तो ‘तारवटी’, आणि म्हाताऱ्यांमधले पाच-सात जण ‘आफ्रिकार’, म्हणजे आफ्रिकेत हयात घालवून परतलेले.

त्यांतले एक अंकल दर महिन्याला मुलाचा मस्कतहून आलेला ड्राफ्ट जमा करायला यायचे. एंटेबीला, युगांडाच्या सरकारी खजिन्यात त्यांनी बावीस वर्षं कारकुनी केली होती. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. स्लिप भरताना अक्षरी रकमेच्या शेवटी ‘फक्त’ लिहून पुढे दोन रेघा मारायचे, म्हणजे मागाहून कुणाला काही वाढवता येऊ नये. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, तरी मला ‘पात्रांव’ म्हणायचे. बोलणं कोकणीत, मधूनच इंग्रजी, आणि एखाद्या वेळी स्वाहिली शब्द.

त्या पावसाळ्यात एकदा ते एक पासबुक घेऊन आले. कंपालाच्या एका बँकेचं, कडा झिजलेलं. शेवटची शिल्लक होती चौदा हजार शिलिंग आणि काही सेंट. तिकडच्या एका जुन्या सहकाऱ्याचं पत्र आलं होतं, की मे महिन्यात सरकारने नवं चलन काढलंय. शंभर जुन्या शिलिंगांचा एक नवा शिलिंग, आणि बदलताना तीस टक्के कर. अंकलनी विचारलं, “पात्रांव, आता याचे किती होतात ते जरा मांडून द्याल?”

हिशोब मी त्यांच्यासमोरच केला. १९७२ साली डॉलरला सात शिलिंगांच्या आसपास भाव होता, म्हणजे एक शिलिंग जवळजवळ एक रुपया. चौदा हजारांत तेव्हा गोव्यात चिऱ्याचं छोटं घर उभं राहिलं असतं. नव्या हिशोबाने चौदा हजारांचे झाले एकशे चाळीस. कर वजा जाता अठ्ठ्याण्णव. नव्या शिलिंगाचा दर डॉलरला साठ. डॉलर आपल्याकडे तेरा रुपयांच्या घरात. मी कागद पुढे सरकवला. एकवीस रुपये.

“तेही तिथे जाऊन आणले तर,” अंकल म्हणाले आणि हसले. “शाउरी या मुंगू.” म्हणजे देवाची मर्जी. मग त्यांनी माझ्या बेरजेच्या शेवटी ‘फक्त’ लिहून दोन रेघा मारल्या.

त्या दिवसापासून मी युगांडाबद्दल मिळेल ते वाचत आलो. बँकेतून निवृत्त झालो, कादंबऱ्या लिहिल्या, पण या एका देशाचं खातं माझ्याकडे अजून उघडंच आहे.

युगांडा स्वतंत्र झाला ९ ऑक्टोबर १९६२ रोजी. इंग्रजांनी तो चालवला होता खणाखणांच्या कपाटासारखा. सैन्यात भरती उत्तरेकडच्या जमातींची. कापूस आणि कॉफी पिकवायची दक्षिणेकडच्यांनी. जिनिंग आणि दुकानदारी गुजराती लोकांकडे, आणि सरकारी कचेऱ्यांतलं जमाखर्चाचं टेबल बहुतांशी आमच्या गोवेकरांकडे. एका खणातल्या माणसाने दुसऱ्या खणातल्याकडे पाहायचं ते फक्त काउंटरच्या खिडकीतून. अंकल हे मोकळेपणाने सांगायचे: “आमच्या क्लबात आफ्रिकन माणूस यायचा तो हातात ट्रे घेऊन. दुसरा कसा येणार, असा विचारसुद्धा आमच्या डोक्यात आला नाही.” स्वातंत्र्याच्या दिवशी वरचा झेंडा बदलला. कपाटाचे खण तसेच राहिले, आणि बंदूक ज्या खणात होती तो खण सर्वांत वजनदार ठरला.

इदी अमीन १९४६ साली ‘किंग्ज आफ्रिकन रायफल्स’ या ब्रिटिश पलटणीत स्वयंपाक्याचा मदतनीस म्हणून लागला. उंचापुरा, मुष्टियुद्धात तरबेज, शिक्षण जवळजवळ नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांना अशी माणसं हवीच असत. स्वातंत्र्य जवळ आलं तेव्हा ज्या मोजक्या युगांडी शिपायांना अधिकारपद मिळालं त्यांत तो होता. १९६२ मध्येच गुरं पळवण्याच्या तंट्यात त्याच्या तुकडीने तुर्काना जमातीच्या लोकांना हाल करून मारल्याचं प्रकरण वर गेलं. खटला भरावा की नको? स्वातंत्र्य काही महिन्यांवर आलेलं. ब्रिटिश गव्हर्नरांनी भावी सत्ताधारी मिल्टन ओबोटे यांचा सल्ला घेतला. ओबोटे म्हणाले, ताकीद पुरे. फाइल बंद झाली.

चार वर्षांनी दुसरी फाइल उघडली, आणि तिने माझ्यातला बँकवाला जागा होतो. फेब्रुवारी १९६६. दाउदी ओचेंग नावाच्या खासदाराने संसदेत कर्नल अमीनच्या बँक खात्याचा उतारा सादर केला. पगारदार लष्करी अधिकारी, आणि थोड्या दिवसांत खात्यात जमा सुमारे सतरा हजार पौंड! काँगोतल्या बंडखोरांचं सोनं आणि हस्तिदंत युगांडामार्गे विकलं जात होतं, त्यात पंतप्रधान ओबोटेही गुंतल्याचा आरोप होता. अमीनला निलंबित करून चौकशी करा, असा ठराव झाला. एखाद्या नव्या देशाच्या संसदेने खातेउतारा वाचून सेनाधिकाऱ्याला जाब विचारावा, याहून चांगली सुरुवात कोणती? पण ओबोटेंनी त्याच महिन्यात मंत्रिमंडळाच्या बैठकीतून आपलेच पाच मंत्री पकडून नेले, घटना गुंडाळली आणि अमीनला सेनाप्रमुख केलं. मे महिन्यात त्याच अमीनने बुगांडाच्या राजाच्या, म्हणजे काबाकाच्या, राजवाड्यावर हल्ला चढवला. ओबोटेंना वाटलं, हत्यार आपल्या हातात आहे.

२५ जानेवारी १९७१ रोजी ओबोटे परदेशात असताना त्या हत्याराने राज्य घेतलं. कंपालाच्या रस्त्यांवर लोक नाचले. ब्रिटनने लगोलग मान्यता दिली. आपल्या व्यापाऱ्यांनीही सुटकेचा निःश्वास टाकला, कारण ओबोटे बँका आणि मोठ्या कंपन्यांत साठ टक्के सरकारी हिस्सा घ्यायला निघाले होते. अमीन हसरा होता, सगळ्यांशी हात मिळवायचा. ‘मी साधा शिपाई, निवडणुका घेऊन बराकीत परत जाईन,’ म्हणायचा.

त्यानंतरच्या दोन वर्षांत कोण कोण नाहीसं झालं त्याची यादी वाचताना माझी नजर नावांपेक्षा हुद्द्यांवर खिळते. जोसेफ मुबिरू हे युगांडाच्या मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर. १९७१ मध्ये पद गेलं, १९७२ मध्ये उचलून नेलं, परतले नाहीत. बेनेडिक्टो किवानुका सरन्यायाधीश. अटकेतल्या एका ब्रिटिश नागरिकाला हजर करा, असा कायद्याला धरून आदेश त्यांनी दिला. २१ सप्टेंबर १९७२ रोजी खुद्द उच्च न्यायालयातून अमीनच्या माणसांनी त्यांना ओढून नेलं. ऑक्टोबरात मॅकेरेरे विद्यापीठाचे कुलगुरू फ्रँक कालिमुझो. राज्य म्हणजे शेवटी काय? नोटा छापायच्या नाहीत असं सांगणारा एक माणूस, याला विनाखटला डांबता येणार नाही असं सांगणारा दुसरा, आणि परीक्षेत नापास झालेल्याला नापास म्हणणारा तिसरा. ‘नाही’ म्हणण्यासाठीच ज्यांना पगार मिळतो ती माणसं आधी गेली. मग उरलेल्यांना काही सांगावंच लागलं नाही.

याच सुमारास, ४ ऑगस्ट १९७२ रोजी, आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा ही घोषणा झाली. ती कथा आपल्याकडे पुष्कळ सांगितली गेली आहे. पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतली सत्तावीस हजारांवर ब्रिटनला, काही हजार कॅनडाला आणि भारताला. बरोबर पन्नासेक पौंड आणि कपड्यांची बॅग. ज्यांच्याकडे युगांडाचं नागरिकत्व होतं त्यांच्याही कागदांत चुका काढल्या गेल्या. अंकल रेल्वेने मोंबासाला आणि तिथून बोटीने मुंबईला आले. वाटेत तीन ठिकाणी शिपाई डब्यात चढले. तिसऱ्यांदा नेण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा त्यांनी अंकलचं पेन नेलं.

इथे एका गोवेकराचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पीटर नाझारेथ हे मूळ गोव्याचे, जन्म कंपालाचा, नोकरी एंटेबीच्या अर्थखात्यात. दिवसा सरकारी आकडे आणि रात्री कादंबरी. ‘इन अ ब्राउन मँटल’ ही त्यांची कादंबरी १९७२ मध्येच प्रसिद्ध झाली, आणि एका काल्पनिक आफ्रिकी देशातून आशियाई लोक हाकलले जाण्याचं भाकीत तिच्यात होतं. पुढे ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठात प्राध्यापक झाले. आमच्या बँकेत कादंबरी लिहिणाऱ्याकडे वरिष्ठ संशयाने पाहत, हा टेबलाखाली काय लिहितो म्हणून. नाझारेथांच्या खात्यात त्यांच्याकडे कुणी कसं पाहिलं असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटत आली आहे.

मागे राहिलेल्या दुकानांचं काय झालं? अमीनने याला ‘आर्थिक युद्ध’ म्हटलं होतं. दुकानं, कारखाने, मळे मिळून साडेपाच हजारांवर मालमत्ता वाटल्या गेल्या, पुष्कळशा लष्करातल्या माणसांना आणि त्यांच्या सोयऱ्यांना. नव्या मालकाला शर्टाची किंमत माहीत नसल्याने त्याने कॉलरच्या मापाचा आकडाच किंमत म्हणून सांगितला, असा किस्सा तिकडे सांगतात. आपण हसतो. पण माल संपल्यावर पुन्हा मागवायचा कुठून, उधारी कुणाच्या नावावर, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मग त्या आफ्रिकी गिऱ्हाइकालाच साबण आणि मीठ मिळेनासं झालं. मढवाणींचा काकिरा आणि मेहतांचा लुगाझी हे मोठे साखर कारखाने. साखर बाहेर पाठवणाऱ्या या देशात दशक संपताना साखर दिसेनाशी झाली. १९७५ मध्ये ब्राझीलची कॉफी गोठलेल्या दवाने करपली आणि जगात कॉफीचे भाव भडकले. युगांडाच्या शेतकऱ्याचं दैव उघडायला हवं होतं. तो पैसा विमानाने लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावर जायचा आणि लष्करी अधिकाऱ्यांसाठी व्हिस्कीची खोकी होऊन परत यायचा. बाजारात उरला तो ‘मगेंडो’, म्हणजे काळा बाजार. पैशाला अर्थ असतो तो कुठेतरी कुणीतरी हिशोब खरा ठेवतंय या विश्वासामुळे. अंकलच्या चौदा हजारांचे एकवीस रुपये झाले ते असे. १९७९ नंतरच्या राजवटींनीही त्यात हात धुऊन घेतले, हे खरं.

मात्र अंकलना पैशाचं एवढं दुःख नव्हतं. ते मला बऱ्याच उशिरा कळलं. डिसेंबरातली दुपार होती, काउंटर रिकामं होतं. मी सहज विचारलं, “अंकल, तुम्ही स्वतः काही डोळ्यांनी पाहिलंत?”

“काहीच पाहिलं नाही,” ते म्हणाले. “मी फक्त लिहिलं.”

त्यांच्या कचेरीत एक मेसेंजर होता, उत्तरेकडचा, अचोली जमातीचा. ओबोटे लांगी जमातीचे, आणि सैन्यात लांगी आणि अचोली पुष्कळ. सत्ता घेतल्यावर अमीनने बराकींमध्ये यांची कत्तल सुरू केली, मग ते लोण साध्या नागरिकांपर्यंत आलं. या दोन्ही जमातींतली बरीच नावं ‘ओ’ या अक्षराने सुरू होतात. ओळख पटवायला तेवढं पुरे होई. या मेसेंजरचंही नाव ‘ओ’नेच सुरू व्हायचं. १९७१ च्या जुलैत एके सकाळी तो आला नाही. अंकलकडे हजेरीपट आणि पगारपत्रक. त्यांनी नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं. दुसऱ्या दिवशीही. त्याची बायको कडेवर मूल घेऊन दारात येऊन बसायची. तिला कुणी काही सांगेना, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. महिनाअखेरीस पगार अडला. तीन महिने ‘गैरहजर’ लिहिल्यावर वरून तोंडी निरोप आला: नोकरी सोडून गेला असं दाखवा. अंकलनी तांबड्या शाईने नाव कापलं, बाजूला शेरा लिहिला आणि सही केली.

“लेजर अगदी बरोबर होतं, पात्रांव. ऑडिटला एक चूक सापडली नसती.” थोडा वेळ थांबून म्हणाले, “तुम्ही बँकेत आहात म्हणून विचारतो. मी काय लिहायला हवं होतं?”

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मला तो प्रश्न थोडा भावनाविवश वाटला. एका कारकुनाने अशा राजवटीत करावं तरी काय? पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या शाखेत एक कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आलं. तारण कच्चं, कागद अपुरे, आणि ज्याच्यासाठी होतं त्याचा दबदबा मोठा. माझ्या सहकाऱ्याने फाइलवर प्रतिकूल शेरा मारला. पंधरा दिवसांत त्याची बदली झाली, मुलाची दहावीची परीक्षा तोंडावर असताना. मग वरून मला फोन आला. दोनच वाक्यं, तीही अगदी गोड आवाजात. मी सही केली. कर्ज बुडालं. माझ्यावर ठपकाही आला नाही, कारण कागदोपत्री सगळं नीट बसवलं होतं. माझ्या डोक्याला कुणी बंदूक लावली नव्हती. फार तर बदली झाली असती. त्या रात्री मला अंकलची तांबडी शाई आठवली आणि तेव्हापासून त्यांच्या सहीबद्दल मत देण्याचा अधिकार मी सोडून दिला आहे.

एक गोष्ट मात्र मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाली. नाहीशा झालेल्या माणसांबद्दल जगभर ओरड झाली तेव्हा खुद्द अमीननेच १९७४ मध्ये चौकशी आयोग नेमला. बहुधा त्याला वाटलं असेल की हाही एक तमाशा होईल. पण अध्यक्ष न्यायमूर्ती मोहम्मद सय्यद यांनी काम गांभीर्याने केलं. पाचशेहून अधिक साक्षीदार पुढे आले. त्या राजवटीत, त्या शहरात, आयोगापुढे जाऊन ‘माझा नवरा नेला’ असं म्हणणं म्हणजे काय, कल्पना करून पाहा. तीनशे आठ माणसांच्या नाहीसं होण्याची नोंद झाली, आणि बोट गेलं ते अमीनच्या ‘स्टेट रिसर्च ब्युरो’ आणि ‘पब्लिक सेफ्टी युनिट’ या यंत्रणांकडे. नावं बघा कशी साळसूद! अहवाल अमीनला सादर झाला. त्याने तो प्रसिद्ध केला नाही, आणि हत्या चालूच राहिल्या. १९७७ च्या फेब्रुवारीत आर्चबिशप जनानी लुवुम यांना मारून मोटार अपघात झाल्याचं सांगितलं गेलं. तरी तीनशे आठ नावांपुढे ‘गैरहजर’पेक्षा वेगळं काहीतरी त्याच देशात, त्याच काळात, कुणीतरी लिहिलं होतं.

एकूण किती मेले? अंदाज ऐंशी हजारांपासून तीन लाखांपर्यंत जातात, काही त्याच्याही पुढे. मोजणाऱ्यांनाच आधी मारलं गेलं, तर याहून नेमका आकडा येणार कुठून? ११ एप्रिल १९७९ रोजी टांझानियाच्या सैन्याने आणि युगांडाच्या निर्वासितांनी मिळून कंपाला घेतलं. नाकासेरो टेकडीवरच्या ब्युरोच्या इमारतीत प्रेतं सापडली, आणि कागदपत्रांचा ढीगही. अमीन पळाला. पुढे सौदी अरेबियात जेद्दाह इथे राहिला, आणि १६ ऑगस्ट २००३ रोजी इस्पितळात मरण पावला. त्याच्यावर एक दिवसही खटला चालला नाही.

त्याच्या जागी ओबोटेच परत आले, आणि त्यांच्या दुसऱ्या राजवटीतही लुवेरो भागात हजारोंनी माणसं मारली गेली. १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी बंड करून सत्तेवर आले. आफ्रिकेचं दुखणं म्हणजे खुर्ची न सोडणारे नेते, असं ते तेव्हा म्हणत. त्यांनी आशियाई लोकांना बोलावून मालमत्ता परत दिल्या, काकिराचे बॉयलर पुन्हा पेटले, चलन सावरलं. हे सारं त्यांच्या जमेला. मग २००५ मध्ये घटनेतली दोन मुदतींची मर्यादा गेली, २०१७ मध्ये वयाची गेली. दोन्ही वेळा संसदेत रीतसर मतदान होऊन.

१९८९ साली माझी गोव्यातून बदली झाली. शेवटच्या आठवड्यात अंकल आले. बायकोने केलेली पेराद त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, आणि सोबत ते पासबुक. “बँकेची वस्तू, बँकेतल्या माणसाकडे असू दे,” म्हणाले. मी घ्यायला नको म्हणत होतो. मेसेंजरच्या बायकोचा पत्ता त्यांनी शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता, गुलूजवळचं एक गाव. तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही, असं सांगत होते. तेवढ्यात रोखपालाने त्यांचा टोकन नंबर पुकारला, आणि ते पैसे मोजून घ्यायला गेले.